खाली

मी वाद्यवृंदाचा कंडक्टर. गणपतीला वेंगुर्ल्याला घरी आलो की आरती आटपून पानं मांडेपर्यंत कोणीतरी विचारतंच, "वादक समोरचा कागद बघून वाजवतात, मग तू ती काडी हलवून करतोस काय?" पाठोपाठ, "वाद्य जमलं नाही म्हणून हे काय?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

दुसऱ्याचं आधी. मी व्हायोलिन वाजवतो. एवढे मोठे कंडक्टर झुबिन मेहता, तेही व्हिएन्नात डबल बास शिकले होते. वाद्य न येणाऱ्याला वादक एक तालीमही निभावू देणार नाहीत.

पहिल्यासाठी मुंबईतली ती संध्याकाळ सांगायला हवी. हौशी वाद्यवृंद, बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी. सुरुवातीचे चार स्वर तुम्ही ऐकलेत. कागदावर त्यांच्याआधी एक छोटा विराम आहे. म्हणजे माझा पहिला ठोका रिकाम्या जागेवर पडतो. लय, जोर, सगळं त्याआधीच्या हाताच्या उचलीत कळायला हवं. तालमीत मी तोंडाने "एक" म्हणायचो. मंचावर ते चालत नाही. हात वर गेला आणि वरच अडखळला. व्हायोलिनवाले निघाले, चेलोवाले थांबून राहिले, क्लॅरिनेट मागून आलं. चार स्वरांचे सात-आठ झाले. मी हात खाली घेतले. सभागृहात कोणी खोकलंही नाही. पुन्हा सुरू केलं. शेवटी टाळ्याही पडल्या.

बाबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांचा जन्म दशावतारात पखवाज वाजवण्यात गेलेला. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. मग मांडीवर ताल धरला, टाळीला टाळी, खालीला, म्हणजे तालातल्या रिकाम्या ठोक्याला, तळहात उलटा, आणि म्हणाले, "झिला, तुजी खाली रवली."

मी चिडलो. म्हटलं, तुमच्यात कागदच नसतो, तुम्हाला यातलं काय कळणार? आज ते शब्द टोचतात. जत्रेत रात्रभर नटाच्या पावलावर नजर ठेवून ते थाप द्यायचे. मी माझ्या वादकांकडे तेच तर मागतो.

तरी तुमचा प्रश्न खोटा नाही. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा 1972 पासून कंडक्टरशिवाय वाजवतो, उत्तम वाजवतो. पूर्वी मी यावर भांडायचो. आता एवढंच म्हणतो, की वाद्यवृंद मोठा असला की मागच्या हॉर्नवाल्याला पुढच्या व्हायोलिनचा आवाज किंचित उशिरा पोचतो. कानावर विसंबला तर तो मागे पडतो. हात मात्र सगळ्यांना एकाच वेळी दिसतो.

त्या रात्री दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा खाली बरोबर पडली का, हे बाबांना विचारायचं राहिलंय. यंदाच्या गणपतीतही धीर झाला नाही.