दहा पावलांवर ठरलेले टक्के

माझ्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजत जाण्याचा जनुकीय आजार आहे, हे तो पाच वर्षांचा असताना जनुकीय तपासणीत निश्चित झाले. त्यानंतरची औषधे, व्यायाम, ऑनलाइन अर्ज हे सगळे सुरळीत पार पडले; अडले ते दिव्यांग प्रमाणपत्रापाशी.

गोदाकाठच्या आमच्या गावाहून पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या रुग्णालयात आम्ही तीन बुधवार गेलो. पहिल्या खेपेस डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्या खेपेस नंबर संपले होते. तिसऱ्या बुधवारी चार तास बाकावर बसून राहिलेला माझा सात वर्षांचा मुलगा गुळगुळीत फरशीवर दहा पावले चालला. सहा मिनिटांत तो किती अंतर चालतो, याचे दोन वर्षांचे कागद मी सोबत नेले होते. आकडा थोडा वाढलेला पाहून डॉक्टर म्हणाले, "सुधारतोय की तुमचा मुलगा!" आणि त्यांनी तीस टक्के दिव्यांगत्व लिहिले. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात.

तो वाढलेला आकडा सुधारणेचा नव्हता, हे मला तिथे सांगता आले नाही, याची चुटपुट अजून जात नाही. साधारण सात वर्षांपर्यंत मुलाची उंची आणि पायांची लांबी वाढत असल्यामुळे स्नायू झिजत असतानाही अंतर वाढू शकते; पुढे मात्र ते घटत जाते आणि उपचार नसतील तर बहुतेक मुलांचे चालणे बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत थांबते. निरोगी मुलाला वयाबरोबर चालणे सोपे होत जाते, तसे या मुलांचे होत नाही. माझा मुलगा टाचा उचलून, पोट पुढे काढून चालतो, आणि शाळेच्या वाटेवर पूर्वी एकदा पारावर टेकायचा तो आता तीनदा टेकतो.

मी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील केले. फेरतपासणीच्या वेळी मीच विनंती केली की त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगावे. तो आधी ओणवा झाला, मग हात गुडघ्यांवर, तिथून मांड्यांवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला. खोलीत कोणी बोलले नाही. प्रमाणपत्र मिळाले.

उठण्याचा आणि पायऱ्या चढण्याचा व्हिडिओ मोबाइलवर तारखेसह ठेवावा. आणि आत जाण्यापूर्वी मुलाला "नीट चाल हं" असे सांगू नये. पहिल्या तपासणीच्या वेळी मी सांगितले होते, आणि त्याने जीव तोडून ते ऐकले होते.