मुंबईला निघालेली जावा

मी मुंबईत जुने कागद अन् चित्रं दुरुस्त करते, टेबलावर कधी काय येईल काही नेम नसतो. एक काका चार छापील चित्रं घेऊन आले, आजोबांच्या दिवाणखान्यातली, म्हणाले जहाजांची आहेत, डाग काढा आणि फ्रेम बदला बस. मागे स्वस्तातला पुठ्ठा, त्यातल्या ॲसिडने कडा तपकिरी पडलेल्या, वर कुणीतरी सेलोटेप मारलेली (असल्या लोकांना मी कधी माफ करणार नाही).

खालचा मजकूर भिंगाने वाचला. लंडनला 1814 मध्ये छापलेली, निकोलस पोकॉकची चित्रं. ब्रिटिश फ्रिगेट (म्हणजे वेगवान लढाऊ जहाज) जावा विरुद्ध अमेरिकन जहाज कॉन्स्टिट्यूशन, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, 29 डिसेंबर 1812. पोकॉक तिथे नव्हताच, जावावरच्या लेफ्टनंट बुकॅननच्या स्केचवरून त्याने काढलंय, म्हणजे हरलेल्या बाजूने पाहिलेली लढाई! एकात जावाच्या डोलकाठ्या पार आडव्या, शेवटच्यात ती पेटलेली. अमेरिकनांनी पकडली खरी पण इतकी फुटली होती की घरी नेणं शक्यच नव्हतं, मग तिचं सुकाणूचं चाक काढून आपल्या तुटलेल्या चाकाच्या जागी बसवलं आणि दिली पेटवून. ही जावासुद्धा मुळात फ्रेंचांची, ब्रिटिशांनी 1811 ला पकडलेली.

काकांना म्हटलं, ही निघाली होती कुठे माहितीये का, आपल्या मुंबईला! जहाजावर जनरल हिस्लॉप होता, इथल्या नेमणुकीवर येत होता, हाच पुढे डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढला. आणि आपल्या गोदीत बांधायच्या ट्रिन्कोमाली नावाच्या जहाजाची ड्रॉइंग्ज पण जावावरच होती, ती गेली. परत दुसऱ्या कॉप्या मागवल्या, मग मुंबईच्या जहाजं बांधणाऱ्या वाडियांनी सागवानात ते जहाज बांधून 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात सोडलं. त्या डिझाइनचं मूळ परत एक पकडलेलं जहाजच, 1782 ची फ्रेंच एबे. पकडलं की गोदीत घेऊन मोजमाप करायचं, ड्रॉइंग काढायचं आणि तसलीच आपली बांधायची, ब्रिटिशांचं हे चालूच असायचं.

ट्रिन्कोमाली अजून आहे, इंग्लंडात हार्टलपूलला, पाण्यावर. हे ऐकल्यावर काकांनी तिथूनच लीड्सला मुलीला फोन लावला, म्हणाले या रविवारी जा आणि सगळे फोटो पाठव. डाग काढायचे किती होतील ते विचारायचंच राहिलं त्यांचं.