बंद कोठीत किडे येतात कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतच असतं, श्रावण-भादव्यात जरा जास्त. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावातच येऊन राहिलो. त्यामुळे गोठ्यातली गोचीड असो की बुटात निघालेला विंचू, चौकशी माझ्याच ओट्यावर होते. या प्रश्नाची तर भाषाही ठरलेली आहे: "सर, कोठी गच्च बंद होती जी. मंग हे आतमंदी शिरले कुठून?" मी तोंड उघडायच्या आत बाजूला बसलेलं एखादं जाणतं माणूस निकाल देऊन मोकळं होतं, "अरे, ते दाण्यातूनच होते."

सोंड्याच्या बाबतीत त्या जाणत्याचं निम्मं खरं आहे. सोंड्याची मादी दाणा कोरते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतच वाढते आणि पुरता झालेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. बाहेरून पाहणाऱ्याला दाण्यानेच त्याला जन्म दिला असं वाटलं तर नवल नाही. पण लोक कागदाच्या पुडीत जे बांधून आणतात त्यात सोंड्यांच्या गर्दीत आणखी एक जण असतो, आणि तो कुणाला दिसतच नाही. मला खरं सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

कोठीच्या तळाशी साचलेला भुसा मूठभर घ्या, स्टीलच्या ताटात पसरा आणि ताट उजेडात धरा. थोड्या वेळाने पिठातून तांबूस ठिपके सरकायला लागतील. लांबी दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे तिळाहूनही लहान. घड्याळजीचं भिंग लावलंत तर दिसेल की अंग पार चपटं आहे, पाठीला फुगवटा म्हणून नाही. मिशा बारीक मण्यांच्या माळेच्या, अंगाच्या मानाने लांबलचक. चालताना अंग डावी-उजवीकडे डुलतं. डोक्यावर आणि छातीवर दोन्ही कडांना समांतर जाणारी एकेक बारीक रेघ दिसली की समजायचं, हा लेमोफ्लोइडी कुळातला. आपल्या धान्यात याच कुळातले क्रिप्टोलेस्टेस पुसिलस आणि क्रिप्टोलेस्टेस फेरुजिनियस हे भाऊबंद असतात. नुसत्या डोळ्यांनी ते एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, आणि घरच्या माणसाला त्याची गरजही नाही.

आता हा आला कुठून? झाडाच्या सालीखालून. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

या कुळात ४०० हून अधिक जाती आहेत आणि बहुतेकांचा संसार मेलेल्या झाडाची साल आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत चालतो. वादळात पडलेला एखादा गावरान आंबा वर्षभर तसाच पडू द्या आणि मग पावसाळ्यानंतर त्याची साल उचकटून बघा. पहिल्या काही आठवड्यांत लाकूड पोखरणारे किडे येऊन गेलेले असतात. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, बाहेर सांडलेला भुगा आणि सालीच्या आतल्या अंगाला कोरलेली नागमोडी नक्षी ही त्यांची कामगिरी. त्यांच्या बोगद्यांतून ओल शिरते, ओलीवर बुरशी धरते, साल सुटते. मगच आमचे चपटे येतात. बहुतेक बुरशी खातात, काही जण पोखरणाऱ्यांची अंडी-अळ्या मटकावतात. स्वतः लाकूड फोडायची ताकद त्यांच्यात नाही. दुसऱ्याने दार उघडलं की आत सरकायचं, एवढाच त्यांचा धंदा, आणि त्यासाठीच ते चपटं अंग.

ज्वारीच्या कोठीत डिट्टो हेच घडतं. सोंडे आणि दुसरे ते लांबोळे, डोकं खाली दडवलेले छोटे भुंगेरे आधी येतात आणि दाणे फोडून पीठ पाडतात. त्या छोट्या भुंगेऱ्याचं कूळ बॉस्ट्रिकिडी. या कुळातले बाकीचे बहुतेक लाकूड आणि बांबू पोखरूनच जगतात. तुमच्या मांडवाच्या बांबूतून पिवळं पीठ गळतं ना, ते याच्याच सग्यासोयऱ्यांचं काम. म्हणजे पोखरणारा जंगलातला, त्याच्या मागून शिरणारा चपटाही जंगलातला. माणसाने धान्य साठवायला घेतलं आणि पडलेल्या झाडाचा अख्खा गोतावळा ठरल्या क्रमाने कोठीत राहायला आला. मला तरी यात कोठीपेक्षा जंगलच जास्त दिसतं.

चपट्याची मादी अंडी घालते ती दाण्याच्या चिरेत नाहीतर भुशात. अळी दोन-चार मिलिमीटरची, पांढुरकी, शेपटीला दोन काळपट शिंगं असलेली. धड, अखंड दाण्यापुढे तिचं फारसं चालत नाही. पण मळणीत दाण्याला केसाएवढी चीर जरी गेली तरी ती अंकुराच्या बाजूने आत शिरते आणि आधी अंकुरच खाते. म्हणून याचा खरा फटका बियाण्याला. गहू हातात घेतला तर दाणा भरलेला दिसतो, पेरला की उगवत नाही, आणि मग दोष जातो कृषी केंद्रवाल्याला. (तो काही धुतल्या तांदळासारखा आहे असं माझं म्हणणं नाही.) पावसाळ्यातल्या उकाड्यात, धान्याला ओल असली तर, महिनाभरात एक पिढी पुरी होते. गर्दी झाली की त्यांच्या श्वासानेच धान्य तापतं. कोठीत कोपरापर्यंत हात घातल्यावर आत ऊब लागली तर घरात काय चाललंय ते ओळखा.

याच्या नातलगांची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. छातीच्या दोन्ही कडांना सहा-सहा दात असलेला करवती भुंगेरा हा सिल्व्हॅनिडी कुळातला. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच त्याला दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशाचं नाव देऊन टाकलं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात पहिल्या शतकातल्या रोमन धान्यकोठाराचे अवशेष सापडले, त्यांत हा करवती आणि आपला फेरुजिनियस दोघेही निघाले. रोमन सैन्याच्या धान्यातही हेच होते, तेव्हा घरच्या लक्ष्मीला बोल लावू नका. कुकुजिडी कुळातल्या लालभडक चपट्यांची तर गोष्टच वेगळी. युरोपात त्यातल्या एका जातीला कायद्याने संरक्षण आहे. अलास्कातल्या दुसऱ्या एका जातीच्या अळ्यांच्या अंगात बर्फ होतच नाही, अंगातलं पाणी काचेसारखं घट्ट होतं. प्रयोगशाळेत उणे १०० अंशांपर्यंत नेलेल्या काही अळ्या जगल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की आपण कूलरसमोरून हलत नाही.

आणि हे ऊनच आपलं औषध आहे. ताडपत्रीवर धान्याचा पातळ थर पसरा, अधूनमधून हात फिरवा. धान्य ५० अंशांच्या वर काही तास राहिलं तर अंडी-अळ्यांसकट सगळे संपतात. बियाणं मात्र कोवळ्या उन्हातच वाळवा, नाहीतर किड्यांबरोबर अंकुरही जाईल. दाणा दाताखाली कडक वाजला, म्हणजे ओल बारा टक्क्यांच्या खाली उतरली, की चपट्याला तिथे राहणं जड जातं. राख चांगली, ती किड्यांच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून टाकलात तर ठीक, हिरवागार टाकलात तर कोठीत स्वतःच्या हाताने ओल नेली म्हणून समजा. आणि धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या घरात आणूच नका. त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, त्याने माणसं मेली आहेत. ते काम गोदामांचं आणि शिकलेल्या माणसांचं. शिवाय ऑस्ट्रेलियात फेरुजिनियसने या वायूला जुमानणं सोडलंय, ते वेगळंच.

राहिलं कोठीत शिरायचं. निम्मे शिरतात तुम्ही भरता त्या धान्याबरोबर. काही संध्याकाळच्या उबेत उडत येतात, आणि झाकणाची जी फट तुम्हाला दिसत नाही ती त्यांना दरवाजाएवढी असते. उरलेले गेल्या सालच्या बारदान्यात असतात. पोतं झटकतात सगळेच, पण उलटं करून शिवण कुणी बघत नाही. चपटे बसतात ते शिवणीत.