गंज समजून खरवडणार होते तो मिना

मी वेल्समधल्या एका कॉन्झर्वेशन लॅबमध्ये काम करते, मातीतून निघालेल्या धातूच्या वस्तू साफ करायच्या आणि टिकवायच्या. मागच्या महिन्यात मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणाऱ्या एकाला सापडलेला तुकडा टेबलावर आला, निम्म्या तळहाताएवढा, हिरवागार, चिखलाने लडबडलेला. आकारावरून कळलं की घोड्याच्या साजातला आहे, दोन चामडी पट्टे जिथे एकमेकांना मिळतात तिथे बसवतात तो. काळ साधारण इसवी सनाचं पहिलं शतक, रोमन फौज ४३ साली ब्रिटनमध्ये उतरली त्याच्या आसपासचा.

मायक्रोस्कोपखाली माती काढली आणि पाकळीसारख्या एका खळग्यातला हिरवा थर स्कॅल्पलने खरवडायला घेतला. तांब्याचा गंज कसा, ब्लेड लावलं की भुगा होऊन पडतो, पण इथे ब्लेड सर्रकन घसरलं, काचेवरून घसरावं तसं. मी हात तिथेच थांबवला. लाइट तिरका केला तर कडेला एक जुना टवका उडालेला दिसला आणि त्याच्या आत लाल! लाखेसारखा गर्द, अपारदर्शक लाल. म्हणजे तो मिना होता हो, तांबं घातलेली लाल काच, जमिनीत राहून वरून हिरवी पडलेली. अजून दोन हात मारले असते तर दोन हजार वर्षं टिकलेला रंग माझ्याच हातून गेला असता, त्या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो.

मग एक्सआरएफ, म्हणजे एक्स-रे मारून धातूत काय काय आहे ते ओळखायची तपासणी, केलं तर जस्त चांगलंच निघालं, म्हणजे पितळ. आता गंमत बघा, रोमन येण्याआधी या बेटावर पितळ जवळजवळ नव्हतंच, इथले कारागीर तांबं आणि कथील मिसळून कासं करायचे. पण रोमन घोडदळाचा खास साज वेगळा असतो. जर्मनीत झांटेनला मिळालेला बघा, चांदीचा मुलामा, त्यात नायलोची, म्हणजे कोरलेल्या रेघांत भरायच्या काळ्या मिश्रणाची वेलबुट्टी, आणि एका चकतीवर तर ठिपक्या ठिपक्यांनी प्लिनी या रोमन अधिकाऱ्याचं नाव आणि घोडदळातला हुद्दा ठोकलाय. माझ्या तुकड्यात तसलं काहीच नाही, गोल वळणाऱ्या पाकळ्या आणि लाल मिना, अस्सल इथला हात. तिसऱ्या शतकातला ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस लिहितो की समुद्राकाठचे रानटी लोक तापलेल्या काशावर रंग ओततात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. रानटी म्हणे! खळगा कोरून त्यात काच बसवायची आणि धातू न वितळू देता भाजायची, हे येरागबाळ्याचं काम नाही.

माझं मत असं की रोमन पितळ वितळवून इथल्याच कुणीतरी हे घडवलं. इथे दक्षिण वेल्समध्येच सेव्हन सिस्टर्सला १८७५ साली सापडलेल्या साठ्यातही रोमन फौजेचा साज आणि इथला मिनाकामाचा साज एकत्रच होता, म्हणून मला हे पटतं. घोड्यावर रोमन बसला होता की इथलाच कुणी, ते या तुकड्यावरून सांगता येणार नाही.

संध्याकाळी तुकडा उलटा केला. मागे पट्टे अडकवायचे दोन दांडे आहेत, त्यातला एक चांगला जाड, आणि दुसरा मधोमध चामडं घासून घासून अर्धा झिजलेला.