थंडीची नोंद ठेवणारे जनुक

वनस्पतींच्या जनुकांविषयी वाचताना मला सर्वाधिक विलक्षण वाटते ती एफएलसी या जनुकाची गोष्ट. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील इवल्याशा रोपात हे जनुक फुलोरा रोखून धरते. शरद ऋतूत उगवलेल्या रोपात ते चालू असते, कित्येक आठवड्यांच्या कडाक्याच्या थंडीत हळूहळू बंद पडते आणि पुढे हवा उबदार झाली तरी बंदच राहते, म्हणून रोप वसंतात फुलते. दोन-चार दिवसांचा गारठा मात्र त्यासाठी पुरत नाही.

हे ‘हळूहळू’ नेमके कसे घडते, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक पेशीतील जनुक थोडेथोडे मंदावत असावे, असे सहज वाटते. परंतु इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटरमधील कॅरोलिन डीन आणि मार्टिन हॉवर्ड यांच्या गटांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की एकेका पेशीत हे जनुक एक तर पूर्ण चालू असते, नाही तर पूर्ण बंद. ज्या पेशींत ते चालू आहे त्या निळ्या दिसाव्यात अशी योजना केल्यावर, अपुरी थंडी मिळालेल्या रोपांत निळ्या आणि बिनरंगी पेशी शेजारी शेजारी आढळल्या. थंडी लांबते तशी बंद जनुकांच्या पेशींची संख्या वाढत जाते. हिवाळा किती लांबला याचा हिशेब असा पेशींच्या संख्येत साठतो. या उलगड्याइतके देखणे उत्तर मला जीवशास्त्रात क्वचितच भेटले आहे.

जनुक बंद राहते ते डीएनएचा क्रम बदलल्यामुळे नव्हे. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर पॉलिकोंब गटातील प्रथिने जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा करतात. पेशी विभागताना खुणा असलेले जुने हिस्टोन दोन्ही नव्या डीएनए रेणूंकडे वाटले जातात आणि त्यांच्या आधाराने शेजारच्या नव्या हिस्टोनांवरही तशाच खुणा उमटतात. बीजातील भ्रूणात मात्र हे जनुक पुन्हा चालू होते, त्यामुळे प्रत्येक पिढीला स्वतःचा हिवाळा अनुभवावाच लागतो.

याच कुळातील अरेबिस अल्पिना ही बहुवर्षायू वनस्पती आहे. तिच्यातील पीईपी१ हे तत्सम जनुक थंडी सरताच पुन्हा चालू होते, म्हणून तिच्या काही फांद्या फुलतात, तर उरलेल्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत नुसती पाने धरत राहतात.