डोक्याकडची बाजू

कापडात खिळा ठोकलेला मला बघवत नाही. मांडवाचा पडदा असो नाहीतर दुकानाचा फलक, ताणलेल्या कापडाला खिळ्यापाशी जी बारीकशी फाट पडते ती दिसली की माझ्याच दंडाला कुणी चिमटा काढल्यासारखं होतं. त्यामुळे एका रविवारी दुपारी दिवाण उपसताना आजीची गोधडी निघाली आणि बायको म्हणाली, "हॉलमधल्या भिंतीवर लाव की ही," तेव्हा मला आधी खिळेच दिसले.

लावायला हरकत काहीच नव्हती. ज्या गावात केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची आणि लामणदिव्यांची एवढी बडदास्त ठेवली जाते, तिथे गोधडीला एक भिंत मिळाली तर कुणाचं काय जातंय? पण वजनकाट्यावर ती पावणेतीन किलो भरली. एवढा ऐवज भिंतीवर धरायचा कशानं?

पडद्याचे चिमटे लावून पाहिले. पाच चिमट्यांत गोधडी तोरणासारखी लोंबली, आणि सगळा भार तेवढ्या पाच जागांवर आल्यावर तिथला जुना धागा कुरकुरायला लागला. मग वेल्क्रो. कुत्र्याच्या केसांत अडकलेली फळं पाहून जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरला १९४१ साली त्याची कल्पना सुचली म्हणतात. आपण पुरंदर उतरून आल्यावर पायजम्याची कुसळं नुसती उपटत बसलो. असो. ती पट्टी सोडवताना जो चर्रर्र आवाज होतो तो ऐकला, आणि वेल्क्रोही बाद.

शेवटी नेफा. परकराला असतो तोच. मागच्या अंगाला, काठालगत, चार इंच रुंद पट्टी शिवायची आणि नाडीऐवजी दांडा घालायचा, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर सारखा पडतो. टाका फक्त मागच्या थरांतून घ्यायचा, आणि नेफा जरा सैल ठेवायचा, नाहीतर दांड्याचा फुगवटा पुढे उमटतो. मोठमोठ्या संग्रहालयांतही हेच करतात, हे वाचून मला उगाच भारी वाटलं. बोहरी आळीतून अ‍ॅल्युमिनियमची नळी आणली, कारण उघड्या लाकडातलं आम्ल कापडाला पिवळं करतं. मांजरपाटाच्या पट्ट्या फाडल्या आणि गोधडी फरशीवर पसरून बसलो.

पसरल्याबरोबर सासवडची ओसरी आली. आजी थरावर थर अंथरायची आणि ते सरकू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर कोळशाची इस्त्री, तिसऱ्यावर खलबत्ता. चौथा कोपरा मी. मांडी घालून बसायचं, हलायचं नाही, बदल्यात एक लिमलेटची गोळी. आजी काठापासून शिवायला सुरुवात करायची आणि चौकोनी फेऱ्या घेत घेत आत सरकायची. माझ्या बाजूची फेरी आली की सुईचं टोक गुडघ्याला हळूच लावायची, "ऊठ रे." तेवढ्या वेळात पाय मोकळे करून घ्यायचे. तिचा धावदोरा गव्हाच्या दाण्याएवढा, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. माझ्या नेफ्यावर कुठे गहू, कुठे शेंगदाणा.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, कोपऱ्यांवर रंगीत तुकड्यांची फुलं लावतात. त्याशिवाय म्हणे कवंदी उघडी वाटते. आजीला असला सोस नव्हता. तिच्या गोधडीला एकाच काठाच्या मधोमध तांबड्या खणाचा चौकोनी तुकडा आहे, आणि तो शोभेसाठी नाही. ती डोक्याकडची बाजू. अंधारात हातानं चाचपून कळावी म्हणून. पायाकडची बाजू तोंडावर घेतलेली तिला खपायची नाही.

त्या पायाकडच्या बाजूला एका जागी वरचं लुगडं झिजून फाटलंय. नेफा शिवताना तिथे बोट गेलं. आत पांढरं धोतर लागलं, आणि धोतराच्या काठाजवळ परटाची बिब्ब्याची खूण. दोन ठिपके, खाली आडवी रेघ. बिब्ब्याचा डाग कितीही धुतला तरी जात नाही. घरात धोतर नेसणारे एकटे आजोबा, आणि मी तीन वर्षांचा असतानाच ते गेले. आजीनं आत काय घातलंय ते कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दहावीपर्यंत मी हीच गोधडी पांघरायचो.

भिंतीचं सांगत होतो. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात ओल, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेली आतली भिंत धरली. सोसायटीत दुपारी ड्रिल चालवायला बंदी. चारच्या ठोक्याला माणूस आला आणि पहिल्याच भोकाला कॉलम लागला. ते भोक आता गोधडीमागे आहे. दसऱ्याला गोधडी लागली. फोडणी पडली की तिला वास लागतो, पण तो तिला नवा नाही.

आई आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "वाळत घातलीयस?"

तिला सगळं समजावलं. टांगलेलं कापड स्वतःच्याच वजनानं खाली ओढलं जातं, म्हणून अधूनमधून ते उलटं टांगायचं, वरचं खाली, खालचं वर. त्यासाठी मी दोन्ही काठांना नेफे घातलेत. हे ऐकून आई चमकलीच.

"पायाकडची बाजू वर?"

"आई, तिच्याखाली कुणी झोपत नाहीये."

"म्हणून काय झालं!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तिचं चुकतंय असंही म्हणवत नाही. पण ती फाटकी जागा आता खाली, सोफ्याच्या पाठीमागे गेलीय. गोधडी उलटी टांगली तर ती खूण बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येईल, हे मी नळीचं माप घेताना हेरून ठेवलं होतं. आईला ते सांगितलेलं नाही.

पाडव्याला सहा महिने होतील. कॅलेंडरवर त्या चौकटीत मी पेन्सिलीनं नुसतं "गो." लिहून ठेवलंय. परवा आईनं चष्मा लावून विचारलं, "हे काय रे?"

म्हटलं, गोडेतेल संपत आलंय.