रंकाळ्यावर गप्पा बंद

बँकेनं माझा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाची सही! जुन्या कागदांशी ताडून पाहिली, तर अक्षर शेवटाकडं मुंगीएवढं झालेलं. हात थरथरत नव्हता, त्यामुळं पार्किन्सन्स ध्यानीमनीही नव्हता. न्यूरॉलॉजिस्टबाईंनी व्हरांड्यात चालायला लावलं आणि म्हणाल्या, "चालताना उजवा हात हलत नाहीये तुमचा."

पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी सुरू झाली. वर, रोज चाला. मी म्हटलं, चालतोच की! रोज रंकाळा, दोस्तमंडळी, संध्यामठाजवळ बैठक. फिजिओथेरपिस्ट पोरगी हसली. "काका, ते फिरणं झालं. धाप लागली पाहिजे. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये."

आधी हृदयाची तपासणी झाली. मग २२० वजा वय ६४, म्हणजे १५६, ही नाडीची अंदाजे कमाल मर्यादा. नाडी त्याच्या साठ टक्क्यांपासून हळूहळू ऐंशीकडं न्यायची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ८०-८५ टक्क्यांवर ट्रेडमिल करणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास होती तिथंच राहिली होती. पण त्या १२८ जणांची औषधं सुरूच झाली नव्हती, त्यामुळं तो निकाल मी स्वतःला जसाच्या तसा लावून घेत नाही.

पहिली अडचण दुधाची. गोळी घेऊन तासाभरानं, अंगात हलकेपणा असताना चालायचं ठरलं, तरी काही दिवस पाय शिशाचे. चूक गंगावेशीत सापडली. कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास रिचवायचा आणि वर गोळी टाकायची, हा माझा शहाणपणा. प्रथिनं लेव्होडोपाची वाट अडवतात. सगळ्यांनाच इतकं जाणवत नाही म्हणे, मला जाणवतं. आता गोळी पाण्याबरोबर आणि दूध फेरी झाल्यावर.

दुसरी अडचण दोस्तांची. पेठेतल्या फुटबॉलवर वाद रंगला, मी मान वळवून बोलायला गेलो आणि गुडघा फोडून घेतला. एका वेळी दोन कामं मेंदूला झेपत नाहीत. तेव्हापासून चालताना तोंड बंद. गप्पा नंतर बाकावर. मंडळी रुसली, मग सरावली. मनात फक्त 'टाच, टाच'. वळायचं तेही जागच्या जागी नाही, एस्टीसारखं मोठा वळसा घेऊन. सोबत असली की ही मागून ओरडते, "अहो, हात!"

तीन वर्षं झाली. आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटं. कंबर सैल राहते, झोप लागते, बद्धकोष्ठ कमी झालं (हे कुणी सांगत नाही, पण मोठं सुख आहे). सही अजून मुंगीच.

आताशा स्वयंपाकघराच्या दारात पाय चिकटतात. हिनं तिथं फरशीवर लाल चिकटपट्टीचे तीन आडवे पट्टे मारलेत. पट्टा ओलांडायचा म्हटलं की पाय उचलतो. परवा पाहुण्यांनी विचारलं, नातवंडं आलीत का. ही म्हणाली, "छे, ह्यांची ठिक्कर आहे ती."